नदीकाठची पक्की वाट: पुरात बुडू द्यायची की भिंत बांधून उंच करायची?

तीरावरून (धागाकर्ता)

मंडळी, नदीकाठाने चालायला, पळायला, सायकल चालवायला पक्की वाट करायची म्हटलं की आराखड्यात सगळ्यात आधी काय येतं? संरक्षक भिंत. भिंतीमागे भराव, भरावावर वाट, वाटेला कठडा, कठड्याला दिवे. नदी खाली कुठेतरी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं असं, की ही वाट पूरपट्ट्यातच असावी. मोठ्या पुरात ती खुशाल पाण्याखाली जावी आणि पाणी ओसरल्यावर थोड्या दिवसांत झाडून-धुऊन पुन्हा वापरात यावी. तिला पुरापासून वाचवण्याचा खटाटोपच करू नये.

पुराच्या पाण्याला मावायला जागा लागते. दोन्ही काठांनी भराव घालून पात्र आवळलं तर तेच पाणी जास्त उंचीने आणि जास्त वेगाने जातं. आवळलेल्या भागाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, खालच्या अंगाला ते एकदम पोचतं. आपला काठ कोरडा राहिला म्हणजे पूर टळला असं होत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरात गेलेला असतो.

पण पूरपट्टा नुसता मोकळा ठेवायचा म्हटलं तरी तो मोकळा राहत नाही. आधी राडारोडा पडतो, मग शेड उभी राहते, मग पक्कं बांधकाम. तिथे लोकांची रोजची ये-जा असेल तर मात्र जागेवर लक्ष राहतं. गवत, झाडं आणि एक पक्की वाट या पाण्यात बुडूनही फारसं न बिघडणाऱ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या रॅली शहराने १९७० च्या दशकात हाच विचार करून ओढ्या-नद्यांचे पूरपट्टे एकमेकांना जोडत हिरव्या वाटांचं जाळं विणायला घेतलं. त्यातली न्यूस नदीकाठची फरसबंद वाट आज सुमारे ४४ किलोमीटर आहे. डेन्व्हरमध्ये साउथ प्लॅट नदी म्हणजे शहराने पाठ फिरवलेली, कचरा टाकायची जागा होती. १९६५ च्या महापुराने शहराला हादरवलं आणि १९७४ पासून तिथे नदी साफ करून काठाने वाट करायचं काम उभं राहिलं. दोन्ही ठिकाणी पूर आणि वाट यांचा विचार एकत्रच झाला.

वाटेचा पृष्ठभाग, रुंदी, दिवे, कुणी कशी वापरायची यावरही बोलू. ज्यांनी अशी वाट बांधली आहे, सांभाळली आहे किंवा रोज वापरतात, त्यांनी जरूर लिहा.

सायकलवेडा

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

मी रुंदीबद्दल लिहितो. दोन माणसं गप्पा मारत शेजारी शेजारी चालली की दीड मीटर गेला. त्यांना ओलांडणाऱ्या सायकलला एक मीटर. समोरून आणखी कुणी आलं तर? तीन मीटर ही अगदी किमान रुंदी धरायला हवी, अमेरिकेतल्या 'आश्तो' या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेतही किमान दहा फूटच सांगितलेले आहेत. गर्दीची जागा असेल तर साडेतीन-चार मीटर. शिवाय दोन्ही कडांना दोन-दोन फूट मोकळे हवेत. कठडा, बाक, झाडाचं खोड, दिव्याचा खांब यातलं काहीही त्या पट्ट्यात नको. कडेला चिकटून कठडा असला की सायकलस्वार आपोआप मध्यावर येतो, आणि कागदावरचे तीन मीटर प्रत्यक्षात सव्वादोनच उरतात.

गाड्या आत येऊ नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी मधोमध जे लोखंडी खांब रोवतात, त्यांचा मला फार राग आहे. पुढच्या सायकलच्या मागून जाणाऱ्याला तो खांब शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. आश्तोची मार्गदर्शिकासुद्धा असे खांब सरसकट लावू नका असंच सांगते. तोंडाशी वाट दुभागून मध्ये बुटक्या झुडपांचं बेट केलं तरी मोटारी अडतात.

गवतावरून

वेगळं मत मांडतो. फरसबंदी हवीच कशाला? नदीकाठी मातीची पायवाट असते, तिचं सुख वेगळंच. पायाला मऊ, पाणी मुरतं, खर्च जवळजवळ नाही. पक्कं करायच्या नादात आपण काठाचा रस्ता करून टाकतो. रस्ता झाला की वेग आला, वेग आला की भांडणं आली.

तीरावरून

गवतावरून, तुमचा मुद्दा मनापासून पटतो, म्हणून नीट उत्तर देतो. चार माणसं जातात तिथे मातीची पायवाटच उत्तम. चारशे जायला लागली की पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. लोक चिखल टाळायला कडेने जातात, ती कड तुडवली जाते, मग तिच्याही बाहेरून जातात. एका वाटेच्या तीन होतात आणि मधलं गवत मरतं. पक्का पट्टा एकच असला की पावलं तिथेच राहतात, बाकीचा काठ वाचतो.

पाणी मुरण्याबद्दल एक हिशोब. तीन मीटर रुंद वाटेचा एक किलोमीटर म्हणजे तीन हजार चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ७५,००० लिटर पाणी होतं. गटारात घालून थेट नदीत सोडलं तर ते वाटेवरची सगळी घाण घेऊन जाईल. तेच कडेच्या गवतावर पसरू दिलं तर बरंचसं तिथेच मुरेल. म्हणून वाटेच्या कडेला उंच कर्ब नकोच.

बांधकाम_मित्र

माझं कामच या प्रकारातलं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पुरात वाट का उखडते, हे आधी समजून घ्यावं लागतं. नुसतं पाणी साचल्याने चांगल्या वाटेला काही होत नाही. घात करतं ते वाटेवरून आडवं वाहणारं पाणी. नदी काठ ओलांडून येते, वाटेवरून पलीकडे जाते आणि पलीकडच्या कडेवरून खाली पडताना तिथली माती खणते. कड उघडी पडली की खालची खडी निसटते, वाट अधांतरी राहते आणि तुटते. त्यामुळे उपाय वरच्या थरात शोधून उपयोग नाही, तो कडेला करावा लागतो. काँक्रीटच्या कडा खाली खोल वळवून घ्यायच्या, म्हणजे बाजूने पडदीसारखा आधार मिळतो. वाट आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीतच ठेवायची. अर्धा फूट जरी उंच केली तरी ती बुटका बांध होते आणि पाणी तिच्यावरून कोसळायला लागतं. जिथे धार जोरात येते तिथे कडेला दगडी पिचिंग करायचं, म्हणजे दगड घट्ट रचून बसवायचे.

आता पृष्ठभाग. काँक्रीट महाग, पण पुरात सगळ्यात टिकाऊ. सांधे करवतीने कापून घ्यावेत, हाताने खाच पाडलेल्या सांध्यावर प्रत्येक वेळी चाक दणकतं. डांबर स्वस्त आणि चालायला गुळगुळीत, पण खाली पाणी शिरलं की त्याचे पापुद्रे निघतात, आणि झाडांची मुळं त्याला लवकर उचलतात. मुळं डांबराखाली जातात कारण तिथे ओल टिकते आणि खडीत हवाही मिळते. पेव्हर ब्लॉक मात्र पूरपट्ट्यात कृपा करून घालू नका. त्यांच्याखालची वाळू पुरात वाहून जाते आणि महिन्याभरात वाटेला लाटा येतात.

बारीक खडी दाबून केलेली वाट छान दिसते, पण प्रत्येक पुरानंतर खडी नव्याने आणून पसरायची तयारी हवी. पाणी जिथे नुसतं चढतं-उतरतं, वाहत नाही, तिथे ती चालते.

धावरे

बांधकाम_मित्र, अप्रतिम माहिती.

काँक्रीट कठीण म्हणून गुडघे जातात, असं पळणाऱ्यांत सर्रास बोललं जातं. खरं तर पळताना शरीर पृष्ठभागाचा अंदाज घेऊन पायांचा ताठरपणा कमी-जास्त करत असतं. कठीण जागी पाय थोडे जास्त दबतात, मऊ जागी कमी. त्यामुळे फरक आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतो. तरीही मला कडेचा मातीचा पट्टा हवाच हवा. पक्क्या वाटेला लागून एक मीटरभर दाबलेली माती किंवा बारीक खडी ठेवली की पळणारे आपणहून तिथे जातात आणि सायकलवाल्यांना वाट मोकळी मिळते. गवतावरून यांचं समाधानही त्यातच आहे.

चाकावरची

मी चाकांची खुर्ची वापरते. पक्की वाट हवी की नको हा वाद वर वाचला, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मातीच्या वाटेचं सुख मला घेता येत नाही. मला नदी बघायची तर फरसबंदीच लागते.

पण फरसबंदी केली म्हणजे माझी सोय झाली, असं होत नाही. वाटेचा उतार २० ला १ पेक्षा, म्हणजे ५ टक्क्यांपेक्षा, जास्त नको. त्याहून जास्त असेल तर तो रॅम्प झाला. रॅम्पचा चढ जास्तीत जास्त १२ ला १ आणि दर पाऊण मीटर उंचीनंतर थांबायला सपाट जागा. आडवा उतार तर कुणी मोजतच नाही. पाणी निचरून जावं म्हणून वाट एका बाजूला कलती करतात. दोन टक्क्यांपर्यंत ठीक आहे, पुढे मात्र खुर्ची सतत उताराकडे ओढत जाते आणि एकाच हाताने जोर लावत राहावं लागतं. किलोमीटरभर असं गेल्यावर खांदा भरून येतो.

सगळ्यात मोठी अडचण वाटेवर नसतेच, ती वाटेपर्यंत पोचण्यात असते. रस्ता वर, नदी खाली, मधे पायऱ्या. वाट कितीही सुंदर असली तरी तिच्यात शिरायला एकच रॅम्प आणि तोही एका टोकाला असेल, तर मला आत जाऊन तेवढंच अंतर परत यावं लागतं. तीरावरून, तुमचा बुडणाऱ्या वाटेचा विचार मला आवडला, पण वाट जितकी खाली तितका रॅम्प लांब, हे गणित आराखड्यात पहिल्या दिवसापासून असायला हवं. आणि बाकाशेजारी एक खुर्ची मावेल एवढी पक्की जागा सोडा. सोबतच्या माणसाशी बोलायला मला वाटेच्या मधे थांबावं लागू नये.

तीरावरून

चाकावरची ताई, मनापासून आभार. रॅम्पच्या लांबीचा विचार आराखड्यात पहिल्यापासून हवा, हे अगदी खरं. वाट चार मीटर खाली असेल तर १२ ला १ ने नुसता चढच ४८ मीटरचा होतो, थांबायच्या सपाट जागा वेगळ्या. त्यामुळे वाट एकाच पातळीवर ठेवायचा अट्टहास नको. रस्ता आणि नदी जिथे नैसर्गिकरीत्या जवळ येतात तिथे वाट वर आणायची आणि प्रवेश तिथे द्यायचे. पुरात तेवढेच तुकडे कोरडे राहतील आणि तेच बाहेर पडायचे मार्गही होतील.

जुनी_पानं

इतिहासाची थोडी भर घालतो. पाण्याचा बंदोबस्त आणि लोकांचा विरंगुळा एकत्र करण्याची कल्पना जुनी आहे. बॉस्टनमध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८७८ पासून फेन्स आणि मडी रिव्हरचं काम हाती घेतलं. ते मुळात सांडपाणी आणि पूर यांवरचा उपाय होतं, पण लोकांना मिळाली ती बागांची आणि वाटांची साखळी.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाची गोष्ट मला सगळ्यात जास्त भावते. १९५७ मध्ये तुरिया नदीला भयंकर पूर आला. त्यानंतर नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. मागे राहिलेल्या कोरड्या पात्रातून महामार्ग न्यायचं घाटत होतं. लोक उभे राहिले. "पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवंय" अशी त्यांची घोषणा होती. महामार्ग रद्द झाला आणि आज तिथे सुमारे नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे, जुन्या पुलांखालून लोक सायकली चालवतात. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या भागात अतिवृष्टी झाली तेव्हा वळवलेल्या पात्रामुळे शहराचा मध्यभाग वाचला, आणि दक्षिणेकडच्या उपनगरांत एका वेगळ्या ओढ्याने हाहाकार केला, दोनशेहून जास्त माणसं गेली. नदी हलवली म्हणून त्या प्रदेशातला पूर हलत नाही.

उलट दिशेचं उदाहरण नेदरलँड्समधल्या नायमेगनचं. तिथे वाल नदीवरचा लेंटजवळचा बांध ३५० मीटर मागे सरकवला आणि नदीला जास्तीचा प्रवाह काढून दिला. २०१६ मध्ये काम पुरं झालं. मधे तयार झालेल्या बेटावर आणि काठांवर आता लोक फिरतात, पोहतात. म्युनिकमध्ये इझार नदीचे आठ किलोमीटरचे काठ २००० ते २०११ या काळात काँक्रीटमधून मोकळे केले.

रेषेबाहेर

मग साबरमतीचं काय? तिथे दोन्ही बाजूंनी भिंती बांधून पात्राची रुंदी सगळीकडे २६३ मीटर केली. खालच्या पातळीवर पाण्यालगत चालायची वाट आहे, वर रस्ते आणि बागा. लोक तर मोठ्या संख्येने जातात.

जुनी_पानं

जातात, आणि पाण्याजवळ निवांत चालायला मिळणं ही लोकांची खरी गरज आहे, ती मी कधीच कमी लेखणार नाही. पण मूळची कमी-जास्त रुंदीची नदी एकसारखी केली की तिच्या वाळूच्या पट्ट्या, उथळ जागा, पुरात पसरायची जागा हे सगळं जातं. तिथल्या जलाशयात नर्मदेचं पाणी आणून सोडावं लागतं. दक्षिण कोरियात सोलमधला चोंग्येचॉन ओढा घ्या. २००३ ते २००५ या काळात त्याच्यावरचा उड्डाणमार्ग पाडून तो ओढा उघडा केला, ५.८ किलोमीटर, जगभर कौतुक झालं. तिथेही पाणी प्रामुख्याने पंपाने आणावं लागतं. वाट म्हणून दोन्ही छान आहेत. नदी म्हणून त्यांचा आदर्श ठेवावा असं मला वाटत नाही.

पक्षीवेडी

दिव्यांवर कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते.

रात्री नदी हा अंधाराचा पट्टा असतो. पाण्यावर किडे टिपणारी वटवाघळं तो रस्त्यासारखा वापरतात, आणि त्यातल्या बऱ्याच जाती उजेड दिसला की वळून जातात. काठाने पांढऱ्या दिव्यांची रांग लावली की तो रस्ता त्यांच्यासाठी बंद होतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात अशा बुजऱ्या जाती पांढऱ्या आणि हिरव्या उजेडापासून दूर राहिल्या, लाल उजेडात मात्र अंधारातल्या इतक्याच आढळल्या. तिथल्या निउवकोपमध्ये २०१८ मध्ये एका वस्तीत रस्त्याचे दिवेच लाल बसवले. सगळीकडे लाल दिवे लावा असं मी म्हणत नाही. दिवे बुटके, खाली तोंड असलेले, पाण्याच्या उलट बाजूला आणि रात्री ठरावीक वेळेनंतर मंद होणारे असले तरी खूप झालं.

आणि डांबराबद्दल एक गोष्ट, जी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दिवसभर डोक्यातून जाईना. मेफ्लाय नावाचा कीटक आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली अळीच्या रूपात काढतो आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही तास ते एक-दोन दिवस जगतो. तेवढ्यात त्याला पाणी शोधून अंडी घालायची असतात. पाणी तो ओळखतो पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून. काळं गुळगुळीत डांबर असाच प्रकाश पाण्यापेक्षाही जोरात परत पाठवतं. हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की नदीजवळच्या कोरड्या डांबरी रस्त्यावर हे कीटक थव्याने येऊन अंडी घालतात. ती सगळी वाया. माशांचं आणि पाखरांचं खाद्य आपण अशा तऱ्हेने रस्त्यावर सुकवतो. बांधकाम_मित्र, पाण्याला लागून फिकट आणि खरबरीत काँक्रीट वापरायला हे आणखी एक कारण.

बांधकाम_मित्र

पक्षीवेडी ताई, हे मला माहीत नव्हतं. डांबर टाकायचंच झालं तर ते काठापासून दूरच्या तुकड्यात, मधे झाडांची दाट ओळ ठेवून, असं पुढच्या आराखड्यात सुचवता येईल.

सायकलवेडा

पूर्ण वाट पाण्याला लगटून न्यायचा हट्टही त्याने सुटेल. काही तुकडे झाडांच्या मागून गेले तर पाखरांना काठ मिळतो, आणि नदी पुन्हा समोर येते तेव्हा आपल्यालाही जास्त आनंद होतो.

सच्छिद्र

पाणी मुरवणारं काँक्रीट वापरता येईल का? मुरण्याचा प्रश्नच मिटेल.

बांधकाम_मित्र

पूरपट्ट्यात नको. पहिल्याच पुराचा गाळ छिद्रांत बसतो आणि मग ते साध्या काँक्रीटपेक्षाही वाईट वागतं. वरच्या अंगाला, जिथे गाळाचं पाणी येत नाही तिथे, जरूर वापरा.

गणिती

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" या शब्दांनी फार गैरसमज होतो. एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निश्चिंत, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते. तीस वर्षं वापरायच्या वाटेला तो एकदा तरी भेटण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. पंचवीस वर्षांच्या पुरासाठी तीच शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे खालची वाट तिच्या आयुष्यात बुडणारच आहे, हे धरूनच खर्चाचा अंदाज करावा. देखभालीची तरतूद आधी, उद्घाटन नंतर.

नवखी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. एक शंका आहे. वाट बुडणार असेल तर त्या वेळी तिच्यावर असलेल्या माणसांचं काय? पाणी किती पटकन चढतं हे नवख्याला कळत नाही. आणि पूर ओसरल्यावर ती वाट पुन्हा केव्हा वापरायची, हे कोण ठरवतं?

बांधकाम_मित्र

नवखी, हा प्रश्न धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे.

वाटेचा सगळ्यात खालचा बिंदू बहुतेक वेळा पुलाखाली असतो, कारण डोक्यावर निदान अडीच-तीन मीटर मोकळे ठेवायला वाट खाली न्यावी लागते. पाणी पहिल्यांदा तिथे येतं. म्हणून पुलाच्या दोन्ही बाजूंना फाटक आणि वरच्या रस्त्यावर जायचा पर्यायी मार्ग हवाच. चोंग्येचॉनमध्ये जोराचा पाऊस सुरू झाला की प्रवेश बंद करतात, कारण शहरातला ओढा मिनिटांत चढतो. मोठ्या नदीला वेळ मिळतो, धरणाखालच्या नदीला विसर्गाची आगाऊ सूचना मिळते, पण ती सूचना फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचायला हवी. पुलाच्या खांबावर ठळक पट्टी रंगवून "पाणी इथवर आलं की मागे फिरा" असं लिहिणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय.

पाणी ओसरल्यावर गाळ ओला असतानाच फावड्याने आणि पाण्याच्या फवाऱ्याने काढावा. वाळला की तो खरवडावा लागतो, आणि पुन्हा सर आली तर त्यावरून चाकं आणि पाय दोन्ही घसरतात. काढलेला गाळ नदीत ढकलू नये, त्यात प्लास्टिक आणि काचा असतात. मग कडा बघायच्या. कुठे माती खचली आहे, कुठे पिचिंगचे दगड सरकले आहेत. शेवटी लोखंडी पहार घेऊन वाटेवर ठोकत जायचं. आवाज भरीव आला तर खाली जमीन आहे, पोकळ आला तर खालचा भराव वाहून गेलाय. तेवढा भाग दोरी बांधून बंद ठेवायचा आणि बाकीची वाट उघडायची. हे काम करणाऱ्या माणसाचं नाव आणि पद पावसाळ्याआधी ठरलेलं असावं.

चाकावरची

दोरी बांधाल तेव्हा वळसा पायऱ्यांवरून देऊ नका, एवढं त्यात लिहून ठेवा.

बांधकाम_मित्र

लिहून ठेवतो ताई. वळशाचा रॅम्पही त्याच यादीत घालतो.